तोतऱ्या गुरुजींची घंटा

४ जुलै

प्रिय आत्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण आपल्याकडे फोन वाजला की आई, बाबा आणि आजी तिघंही पंखा बंद करून ऐकत बसतात. मला जे सांगायचंय ते तुझ्याशिवाय कुणाच्या कानावर जायला नको.

गेल्या वर्षी आमच्या सनावळी सरांनी काय केलं ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलंय. एकदा सलग सांगते. इतिहासाच्या तासाला घरातल्या मोठ्या माणसाची एक आठवण लिहून आणायची होती. मी आजोबांच्या पुराची लिहिली. कालव्याच्या दरवाजावर त्यांची नोकरी, त्या पहाटे वरून हुकूम आलेला नव्हता, तरी त्यांनी दरवाजा उघडला आणि पाणी मोकळ्या माळावर गेलं, म्हणून खालची वस्ती वाचली. चाक गंजलेलं, एकट्याला फिरेना, तेव्हा आजीनं त्यांच्याबरोबर धरलं. नोकरी जाईल म्हणून दोघं गप्प राहिले, साहेबांनी 'पाण्याच्या दाबाने दरवाजा तुटला' असं लिहून टाकलं आणि तेच पुस्तकात आलं. हे सगळं मी लिहिलं.

पालकसभेच्या दिवशी सरांनी तो निबंध भरल्या वर्गात वाचला. वाचून झाल्यावर म्हणाले, "पुस्तक म्हणतं दरवाजा तुटला. हिचे आजोबा म्हणतात उघडला. बोला मुलांनो, पुस्तक खोटं की आजोबा?" वर्ग खो खो हसला. मग फळ्याकडे वळून म्हणाले, "पुस्तकात नाही ते घडलं नाही. लिहून घ्या." आणि मुलांनी खरंच लिहून घेतलं गं. आजोबा दारात उभे होते. मीच त्यांना आग्रह करून आणलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

घरी आल्यावर त्यांनी तो शर्ट घडी घालून ठेवून दिला. पुढे कधी दरवाजाचा विषय काढला नाही. शेवटच्या आजारपणात फक्त एकदा विचारलं, "तुला तरी खरं वाटतं ना गं?" मी हो म्हटलं, पण ते माझ्याकडे बघतच राहिले. ते बघणं मला अजून झोपू देत नाही.

आता ऐक. शाळेला शंभर वर्षं होताहेत आणि सनावळी सर गौरवग्रंथ काढताहेत. आमच्या शेवटच्या वर्षाच्या स्थानिक इतिहासाच्या पेपरला तोच लावणार आहेत. त्यासाठी काय हवंय ठाऊक आहे? "ज्येष्ठांच्या आठवणी!" हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जे घडलं ते त्यांनी पुस्तकात येऊ दिलं नाही. मग मी त्यांच्या पुस्तकात जे घडलंच नाही ते घालून दाखवते, आणि बक्षीस समारंभात सगळ्यांसमोर त्यांना तोंडघशी पाडते.

तू मदत करशील की बाबांना सांगशील?

तुझी,
ठिणगी

*

१२ जुलै

ठिणगे,

बाबांना सांगते की काय! माझ्या दादाला या गोष्टीचं काही लागत असतं तर पालकसभेनंतर दुसऱ्या दिवशी तो त्या मास्तराच्या दारात उभा राहिला असता. तो काय म्हणाला मला? "जाऊ दे, मुलीचे मार्क त्यांच्या हातात आहेत." अप्पा माझेही बाप होते. मी इथं रोज दात-ओठ खात असते, आणि माझ्या धंद्यात हे बरं दिसत नाही.

आता नीट वाच. मी कवळ्या बनवते, खोट्याचं मला कळतं. नवीन लोक पहिली चूक काय करतात, तर दात पांढरेशुभ्र आणि एका ओळीत बसवतात. बघणाऱ्याला लांबूनच कळतं. खोटा दात खरा वाटायला हवा असेल तर थोडा पिवळा करायचा, एखादा किंचित वाकडा बसवायचा. तुझ्या गोष्टीतही काहीतरी वाकडं ठेव. तुझ्या नायकाला एखादं व्यंग दे.

दुसरं, साचा गिऱ्हाइकाच्या तोंडाचा घ्यायचा. मास्तराला काय आवडेल? मास्तर! याच शाळेतला कुणी गरीब, निष्ठावान, त्यागी. वाचता वाचता याला स्वतःचाच पुतळा दिसला पाहिजे.

आणि उघडं पाडायला एक पक्का पुरावा आधीच शोधून ठेव. हवेत बोललीस तर तुलाच वेडी ठरवतील. त्याचे दात त्याच्याच घशात घालायचे आहेत, तेव्हा घाई करू नकोस.

पत्र वाचून फाडून टाक. किंवा नको, इतिहास घेतला आहेस ना, ठेव जपून.

आत्या

*

३ सप्टेंबर

प्रिय आत्या,

गळाला लागला! (तुझं पत्र वाचल्यापासून मीही त्यांना अहो-जाहो करणं सोडलं. पुढे सवयीनं कुठे आलं तर चालवून घे.)

माझी गोष्ट अशी. पुराच्या पहाटे शाळेतले एक गुरुजी नदीचं पाणी बघतात. पण ते तोतरे. ओरडून सांगायला गेले तर तोंडातून शब्दच फुटेना. म्हणून शाळेकडे धावले आणि हात सोलवटेपर्यंत शाळेची घंटा वाजवत राहिले. वस्ती जागी झाली, माणसं वाचली. पुढे त्यांची बदली झाली आणि कुणालाच त्यांची आठवण राहिली नाही. सांगणारी कोण? आपल्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहून गेलेली ती म्हातारी. ती बिचारी केव्हाच वारली, विचारायला कोण जातंय!

सरांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावून घेतलं. चष्मा पुसला. म्हणाले, "तोतरे होते?" मी म्हटलं, हो. "आणि घंटा वाजवली?" हो. मग खिडकीतून बाहेर बघत बसले. शेवटी म्हणाले, "याला म्हणतात इतिहास." आत्या, हसू दाबताना माझी जीभ चावली गेली. तोतऱ्या गुरुजींवर ते स्वतंत्र प्रकरणच लिहिताहेत.

आता पुरावा. शाळेच्या ओसरीत जी पितळी घंटा टांगली आहे ना, जी आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येते आणि जिच्या आवाजावर आजी औषधाच्या गोळ्या घेते, तिच्या कडेवर सन कोरलाय. पुराच्या कितीतरी नंतरचा! पुराच्या वेळी शाळेत घंटाच नव्हती. शिपाई लोखंडी पत्र्यावर हातोडी मारायचा, हे आजोबांनी मला सांगितलं होतं. सनावळी सर रोज त्या घंटेखालून जातात. सगळ्या जगाच्या सनावळ्या तोंडपाठ, पण डोक्यावरचा सन कधी वाचला नाही.

समारंभ डिसेंबरात. मला निबंधाचं बक्षीस आहे, म्हणजे मंचावर जाणारच. तिथंच बोलणार.

ठिणगी

*

२१ डिसेंबर

आत्या,

काय लिहू, दोनदा कागद फाडला. रागानं, रडून नव्हे. बरं, थोडं रडूनही.

मंचावर गेले. बक्षीस घेतलं. माइक धरला आणि एका दमात सांगून टाकलं, की ही गोष्ट मी रचलेली आहे, तोतरे गुरुजी कधी नव्हतेच, पुराच्या वेळी शाळेत घंटाही नव्हती, बाहेर जा आणि तिच्यावरचा सन वाचा. सभागृह एकदम चिडीचूप झालं. तेवढा एक क्षण मला मिळाला, आत्या. तो क्षण फार गोड होता.

मग सनावळी सर उठले. शांतपणे. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आमची ही विद्यार्थिनी हुशार आहे. तिला वाटलं, सन जुळत नाही म्हणजे आपलंच काही चुकलं. पण ओसरीतली घंटा ही दुसरी घंटा. पहिली कुठे गेली? मित्रहो, गुरुजींनी ती इतकी वाजवली, की ती फुटली!"

टाळ्या. उभं राहून टाळ्या. पुढच्या रांगेत लाकडाच्या वखारीचे म्हातारे मालक बसले होते, ते डोळे पुसत म्हणाले, "मी ऐकली आहे ती घंटा. मी लहान होतो." मग आणखी कुणीतरी ऐकलेली निघाली. फुटल्याचा आवाजसुद्धा एकाला आठवला! माझ्याकडे सगळे असे बघत होते, जशी मी शाळा बघून भांबावलेली पहिलीतली पोर.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण आता सगळीकडे हेच चाललंय की वस्ती घंटेनं वाचवली. दरवाजा तुटला की उघडला, हा प्रश्नच उरला नाही. आधी आजोबांचं खोटं ठरवलं होतं, निदान त्यावर वाद तरी घालता येत होता. आता त्यांची गरजच संपली. आणि हे सरांनी नाही केलं. मी केलं.

आणखी एक आहे, ते लिहायला जीव होत नाही. काल शाळेची घंटा वाजली तेव्हा आजी गोळी हातात घेऊन म्हणाली, "वाजवताहेत बघ गुरुजी."

ठिणगी

*

२८ डिसेंबर

ठिणगे,

तुझं पत्र वाचलं आणि तापवलेलं मेण हातावर सांडून घेतलं. दोन बोटं भाजली. मास्तराच्या नावानं इतकं बोलले की पलीकडच्या टेबलावरच्या मुलीनं रेडिओ मोठा केला.

स्वतःला दोष देत बसू नकोस. "वाकडा दात बसव" हे मीच तुला शिकवलं, तेव्हा निम्मं माझ्या खात्यावर लिही. पण हात चोळत बसायला आपण काही म्हाताऱ्या झालो नाही.

आई आहे ना! चाक तिनं धरलं होतं. लहानपणी ती मला तळहात दाखवायची, अंगठ्याखाली पांढरी खूण आहे, चाकाचा पत्रा लागला होता तिथं. हयात असलेला तो एकच साक्षीदार. तुमच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो आणि बाहेरून तपासनीस येतात असं तू म्हणाली होतीस. मग विषय घे 'दरवाजा तुटला की उघडला'. साक्षीदार जागेवर ऐका म्हणावं. त्या मास्तरालाही यावं लागेल. बसू दे त्याला आपल्याच घरात, अप्पांच्या खुर्चीसमोर, आणि ऐकू दे आईच्या तोंडून. मला ते बघायला मिळत नाही याचंच वाईट वाटतं.

आईचं हल्ली इकडचं तिकडं होतं, हे मला माहीत आहे. पण तो दिवस ती विसरायची नाही. काल घडलेलं विसरेल, ते नाही.

आत्या

*

१० फेब्रुवारी

आत्या,

विसरली.

तपासनीस बाई चांगल्या आहेत, चपला काढून आत आल्या, आजीच्या जवळ बसल्या. सर दाराशी खुर्ची ओढून बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. मी आजीला नवं पातळ नेसवलं होतं, आदल्या आठवड्यात रोज विचारून घेतलं होतं. अर्धंमुर्धं सांगायची, पण चाकापाशी यायची.

बाईंनी विचारलं, "आजी, पुराच्या पहाटे तुम्ही कुठे होतात?" आजीनं आमच्याकडे बघितलं, मग सरांकडे, आणि तिला एकदम आनंद झाला. "हे शाळेचे ना? अहो, तुमच्या गुरुजींनी काय घंटा वाजवली त्या दिवशी! बोलता येत नव्हतं बिचाऱ्यांना."

मी म्हटलं, "आजी, दरवाजा. आजोबांनी दरवाजा उघडला." ती म्हणाली, "दरवाजा तुटला गं. पुस्तकात नाही का?" मी तिचा हात धरला, तळवा वर केला, ती खूण बाईंना दाखवली. आजी म्हणाली, "भाजी चिरताना झालं असेल."

बाई फार हळू बोलल्या, "पुढे काही आठवलं तर मला कळव, पत्ता लिहून ठेव." आणि निघाल्या. सर मागे रेंगाळले. मला वाटलं आता टोमणा मारतील, मी तयारच होते. ते पायऱ्यांवर उभं राहून म्हणाले, "ती घंटा शाळेत आणली तेव्हा मी सातवीत होतो. टांगताना दोरी मी धरली होती. त्याआधी पत्रा होता."

मला आधी कळलंच नाही. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"शाळेला शंभर वर्षं झाली," ते म्हणाले. "काहीतरी चांगलं घडलेलं हवं होतं."

घडलेलं हवं होतं! दरवाजावर दोन माणसं उभी राहून घडवून गेली होती, ते याला चाललं नाही, कारण त्यात शाळा नव्हती. आत्या, मी याला फसवलं असं समजत होते. यानं माझ्याकडून फुकटात काम करून घेतलं. मी त्याला शिव्या दिल्या. मोठ्यानं, जिन्यावर. आईनं ऐकलं, आता घरात माझ्याशी कुणी बोलत नाही.

मला याचं उट्टं काढायचंय. पण कसं, ते सुचत नाही.

ठिणगी

*

१७ फेब्रुवारी

ठिणगे,

मी आईला फोन केला होता. सहज विचारल्यासारखं केलं. मलाही तिनं घंटाच सांगितली. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. अप्पा एकदा गेले ते गेले, हे दुसऱ्यांदा जाणं मला सहन होत नाही.

आता माझं ऐक, आणि वितंडवाद घालू नकोस. पेपरात घंटेवर प्रश्न येणार, नक्की येणार. आला की मास्तराला हवं ते लिही. तोतरे गुरुजी, सोललेले हात, फुटलेली घंटा, सगळं. दहाच्या दहा घे. दादा म्हणालाय ना, मार्क चांगले पडले तरच पुढे इतिहासाला घालीन? मग मास्तराच्याच खोट्याचे मार्क घेऊन तिथून बाहेर पड. इथं माझ्याकडे राहा, शिक, मोठी हो, आणि मग त्याच्यावर असं पुस्तक लिही की त्याच्या नातवंडांनी आडनाव बदलावं. सूड थंड डोक्यानं घ्यावा लागतो. आपण दोघींनी तो गरम डोक्यानं घेतला, म्हणून भाजलो.

आत्या

*

२७ मार्च

प्रिय आत्या,

या पत्राबरोबर एक जड पार्सल येईल. लॅबमध्ये सगळ्यांसमोर उघडू नकोस.

आधी पेपर. प्रश्न आला. 'फुटलेल्या घंटेचा प्रसंग वर्णन करून त्याचे महत्त्व सांगा. गुण दहा.' मी तुझं ऐकणार होते. खरंच. पहिली ओळ लिहिलीसुद्धा, आणि ती इतकी छान उतरली की मला स्वतःची किळस आली. ती खोडली. खाली लिहिलं : 'घंटा नव्हती. ही गोष्ट मी रचली आहे आणि ती छापणाऱ्यांना हे ठाऊक होते. दरवाजा तुटला नाही, उघडला.' मग आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली आजीचं. ज्यात इतकी जागा रिकामी आहे असं उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं. दहा गुण गेले. बाबांशी काय ते बोलीन, भांडीन, त्याची काळजी करू नकोस.

आता पार्सल. माझा शेवटचा पेपर तोच होता. वर्ग रिकामे झाले, शिपाईकाका चहाला गेले, आणि मी ओसरीतून जाताना वर बघितलं. रोज वर लोंबणारी ती घंटा बघून डोक्यात अशी तिडीक गेली! बाकावर चढले. आतला ठोके देणारा लोलक नुसता आकड्यावर अडकवलेला असतो, तुला माहीत आहे? मला नव्हतं. काढला, दप्तरात टाकला आणि चालत घरी आले. काही मोठा विचार नव्हता त्यात. त्या मास्तराचं काहीतरी मोडावं एवढंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत घंटा बंद. शिपाईकाका वर्गावर्गात जाऊन ओरडताहेत, तास संपला म्हणून. आणि आजी कासावीस. गोळीची वेळ झाली की स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची, परत यायची, परत जायची. मी म्हटलं, आजी, मी सांगते ना वेळ झाली की. ती ऐकेना.

परवा सकाळी खिडकीशीच उभी होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "घंटा नाही वाजली."

"नाही, आजी."

"मग ह्यांना उठवलं कुणी?"

आत्या, मी हातातलं ताटसुद्धा खाली ठेवलं नाही. आवाज झाला तर सगळं जाईल असं वाटलं. मी हळूच विचारलं, "कुणी उठवलं?"

तिनं खिडकीचा गज सोडला. मग वळली. म्हणाली, "मी. मला पाण्याचा वास आला. गढूळ वास. मी म्हटलं, उठा, हुकमाची वाट बघत बसाल तर खालची पोरं जातील. हे म्हणाले, नोकरी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे."

हे आजोबांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. त्यांना उठवणारी ती, उघडा म्हणणारी ती. पुढे तिनं खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून दाखवली, एक हात वर, एक खाली, आणि अंग टाकून अशी ओढली की खुर्ची फरशीवरून सरकली. मग तळवा माझ्यापुढे धरला. "हे बघ. भाजी चिरताना नाही झालं."

आई दारात उभी होती, तिनंही ऐकलं. बाबांना तिनंच सांगितलं. बाबा जेवायला बसले आणि न जेवता उठले, आणि काल स्वतः जाऊन तपासनीस बाईंना पत्र टाकून आले. बाई येत्या रविवारी येताहेत. तूही ये. रजा मिळत नसेल तर मिळव. ती सांगत असताना तिची मुलगी समोर असायला हवी, आणि मला तो मास्तर दाराशी बसलेला तुला दाखवायचाय. त्यालाही बोलावलंय. बाबांनी बोलावलंय!

पण वेळ थोडा आहे. शाळेनं नवा लोलक मागवलाय म्हणे. तो कधी बसवतील सांगता येत नाही, आणि एकदा घंटा वाजायला लागली की आजीचं काय होईल, मला माहीत नाही. सनावळी सर चोराचा तपास करताहेत. वर्गावर्गात जाऊन विचारतात, कुणी पाहिलं का. कुणीच पाहिलं नाही. काल मला रस्त्यात गाठून म्हणाले, "तूच आहेस." मी म्हटलं, "कुठल्या पुस्तकात आहे, सर?"

रविवारी नक्की ये. आणि येताना तो लोलक बरोबर आणू नकोस.

तुझी,
ठिणगी